विवेकाचं दार

‘सत्तेची दारं उघडतील आणि मिटतील, या प्रजासत्ताकात विवेकाचं दार मात्र सदैव उघडं राहील.’

ही पितळी अक्षरं रोजच्याप्रमाणे घासूनपुसून झाल्यावर विवेककाकांनी त्या दाराचं कुलूप ओढून पाहिलं. व्यवस्थित लागलेलं होतं. मग पाटीखालच्या खिळ्याला त्यांनी डब्याची पिशवी अडकवली आणि ते स्टुलावर बसले. आज त्यांची साक्ष होती. इस्त्रीचा शर्ट मानेला टोचत होता.

विवेककाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विधिमंडळाच्या उत्तरेच्या दारावर एकतीस वर्षं शिपाई म्हणून बसल्यामुळे सभासदांनी थट्टेत दिलेलं नाव. थट्टा जुनी झाली आणि नाव राहिलं. पगारपत्रक करणारा कारकूनही हल्ली त्यांचं खरं नाव शोधायला फाइल उघडायचा.

दाराची हकीकत अशी. राज्यघटना लिहिणाऱ्या थोर मंडळींनी तिच्यात एक कलम घातलं होतं. ज्या विषयात ज्याचा स्वतःचा किंवा आप्ताचा स्वार्थ असेल, त्या विषयाची चर्चा सुरू होताच सभागृहातील अशा प्रत्येकाने आपणहून उठावे, नोंदवहीत नाव व वेळ लिहावी आणि उत्तरेच्या दाराने बाहेर जावे. शिक्षा काही नाही. ज्याला स्वतःची लाज वाटते त्याला शिक्षा कशाला, असं त्या मंडळींचं म्हणणं. दार आत उघडावं की बाहेर, यावर मात्र ते अकरा दिवस भांडले. आत उघडलं तर माणसाला एक पाऊल मागे यावं लागेल आणि तेवढ्यात त्याचा विचार बदलेल, म्हणून बाहेर उघडावं असं ठरलं. बाराव्या दिवशी एका शाळामास्तर सभासदाने विचारलं, की कोणी उठलंच नाही तर? त्या दिवशीच्या कामकाजात या प्रश्नापुढे कंसात ‘हशा’ एवढंच छापलेलं आहे. त्याच्या पुढचा विषय पंख्यांचा आहे.

कलम लिहिणाऱ्या मुख्य विद्वानांचं तैलचित्र दाराच्या बरोबर समोर होतं. त्यांची दगडाची खाण होती. इमारतीला दगड कोणाचा घ्यायचा ही चर्चा झाली तेव्हा ते जागेवरच बसून राहिले. त्यांचाही नाइलाज होता. दार अजून बसवायचं होतं. पुढे त्याची चौकट त्यांच्याच खाणीतल्या दगडाची झाली.

दारापलीकडे एक छोटी बाग आणि एक बाक होता. बाहेर पडलेल्या सभासदाने तिथे बसून आत्मपरीक्षण करावं अशी योजना होती. आता त्या बाकावर एसीची दोन यंत्रं ठेवली होती आणि ती दिवसभर गरम हवा फेकायची. एसी आला तेव्हापासून दाराला कुलूप होतं. किल्ली काकांच्या पट्ट्याला. दर सोमवारी ते कुलूप काढायचे, बिजागऱ्यांना तेल द्यायचे आणि पुन्हा लावायचे. एकतीस वर्षांत त्या दारातून फक्त तेलाचा वास बाहेर गेला. नोंदवही कोरी होती. वर्षातून एकदा तपासनीस येऊन तिच्यावर ‘नोंदी बरोबर आहेत’ असा शिक्का मारून जायचा.

मागच्या महिन्यात एक विधेयक आलं. विधिमंडळाच्या कर्मचाऱ्यांची वसाहत पाडायची आणि जागा एका कंपनीला द्यायची. कंपनी मंत्र्यांच्या मेहुण्याची. चर्चा तीन तास चालली, मंत्री दुसऱ्या रांगेत लवंग चघळत बसले होते, आणि अवघ्या एका मताच्या फरकाने विधेयक मंजूर झालं. विरोधी बाकावरच्या कोणीतरी तक्रार केली. मंत्र्यांनी शांतपणे उत्तर पाठवलं, की चर्चा सुरू होताच मी उत्तरेच्या दाराने बाहेर गेलो होतो, मतदानाला परत आलो.

परत येण्याबद्दल घटनेत एक अक्षरही नव्हतं. लाजेने उठलेला माणूस सरळ घरी जाईल, अशी त्या थोर मंडळींची समजूत. त्यामुळे सगळं येऊन अडलं ते नोंदवहीवर. तिच्यात एक ओळ सापडली तर मत खरं, विधेयक खरं, वसाहत गेली. नाही सापडली तर मत बाद आणि वसाहत राहिली. काकांचं घर त्या वसाहतीतच होतं, तळमजल्यावर, शेवटून दुसरं.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी मंत्र्यांचे खासगी सचिव त्या घरी येऊन गेले होते. मोठा अगत्यशील माणूस. त्यांनी काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा दोनदा घेतला, आणि मग एक ओळ राहून गेलीय तेवढी भरून टाका म्हणाले. साहेब आपलं नाव स्वतः लिहितील. काकांनी फक्त शेजारी सही करायची. नव्या इमारतीत तळमजल्याची जागा साहेबांनी आजच बाजूला काढून ठेवलीय. बाकीच्यांची तात्पुरती सोय चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्टचं अजून नक्की नाही. हे सगळं त्यांनी इतक्या काळजीच्या सुरात सांगितलं, की काकूंनी त्यांना तिसरा चहा विचारला.

ते गेल्यावर काकू पाय लांब करून भिंतीला टेकल्या.

“सही करून टाका.”

“कोणी गेलं नव्हतं गं.”

“एकतीस वर्षांत कोण गेलंय? एक गेला म्हणून लिहिलंत तर त्या दारालाही बरं वाटेल.”

काका हसले नाहीत. वही कोरी आहे, म्हणजे माझं काम चोख आहे, असं काहीसं ते म्हणाले. आणि खरं बोललो तर हे घरही राहतंय, मग खोटं कशासाठी बोलायचं?

“तुम्हाला अजून असं वाटतं?” काकूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती, आणि ती काकांना जास्त लागली. “बरं. उशी द्या इकडे गुडघ्याखाली. आणि शर्ट काढून ठेवा, इस्त्री करते. उद्या तरी नीट दिसा.”

तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीच्या खोलीला रंग लावत होते म्हणून बैठक सभागृहातच होती. पाच सभासद, एक अध्यक्ष, एक टंकलेखक आणि समोर मंत्री. मंत्र्यांनी काकांना पाहून हात जोडले. काकांनी वही टेबलावर ठेवली आणि उभं राहून सांगितलं, की त्या दिवशी दार उघडलं नाही, कुलूप काढलं नाही, किल्ली पट्ट्यालाच होती. साहेब दुसऱ्या रांगेत बसले होते, लवंग चघळत.

टंकलेखकाने ‘लवंग’ कसं लिहू म्हणून विचारलं, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, वगळा. पण बाकीचं त्याने टाइप केलं, आणि तो आवाज काकांना फार आवडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडचं काहीतरी छापलं जात होतं.

मंत्री उठले. त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता.

“काका, राहायला कुठे असता?”

“वसाहतीत.”

“आपल्याच? जी पाडायचीय ती?”

“हो साहेब.”

मंत्र्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि खाली बसले. त्यांना चेहऱ्यावर दुःख फार छान आणता यायचं.

मग घटना उघडण्यात आली. थोर मंडळींनी ‘प्रत्येक सभासदाने’ असं लिहिलं नव्हतं. ‘सभागृहातील प्रत्येकाने’ असं लिहिलं होतं. समतेच्या भरात लिहिलं होतं, भाषाही मोठी डौलदार होती, आणि इतक्या वर्षांत तिचा हा अर्थ कोणाच्या ध्यानात आला नव्हता. शिपाईही सभागृहातच असतो. वसाहत वाचण्यात त्याचा स्वार्थ उघड आहे. मग चर्चा सुरू असताना तो इथे कसा? त्याची साक्ष कामकाजातून काढावी लागेल. राहिली वही. पण जे पान कोरं आहे ते स्वार्थी माणसाने मुद्दाम कोरं ठेवलेलं असू शकतं, असा मुद्दा एका तरुण सभासदाने मांडला. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. आता उरला तो मंत्र्यांचा शब्द, आणि सभासदाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा ही परंपरा.

टंकलेखकाने कागद ओढून काढला आणि चुरगळला.

काका अजून उभेच होते. काय करायचं ते त्यांना कळेना.

“आम्ही तुम्हाला जा म्हणत नाही,” अध्यक्ष समजुतीने म्हणाले. “तसं म्हणणं घटनेत बसत नाही. तुम्ही आपणहून उठायचं.”

“मी उभाच आहे साहेब.”

अध्यक्षांनी पुस्तकात पाहिलं. ‘उठावे’ असाच शब्द होता. तेव्हा काकांना आधी बसवण्यात आलं. दुसऱ्या रांगेतली एक खुर्ची त्यांना देण्यात आली. एकतीस वर्षांत ते सभागृहातल्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. ती चांगलीच मऊ होती. उठायला खरोखर जड जात होतं. असं कोणी आपणहून उठत नाही ते का, हे त्यांना जरासं समजलं.

मग ते उठले. वहीचं पहिलं पान उघडून त्यांनी अनुक्रमांक एक लिहिला, शेजारी स्वतःचं नाव लिहिलं, खरं नाव, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ टाकली, अकरा वाजून चाळीस मिनिटं. शिपायाच्या सहीच्या रकान्यातही त्यांनीच सही केली. खिळ्यावरची डब्याची पिशवी काढली. कुलूप काढलं. कोणीतरी यावं आणि आपण त्याच्यासाठी दार उघडून अदबीने बाजूला व्हावं, हे त्यांनी इतकी वर्षं मनात घोळवलं होतं. सवयीने ते बाजूला झालेही. मग कोणी येणार नाही हे लक्षात येऊन स्वतःच पुढे गेले.

दार जराही कुरकुरलं नाही. बाहेरून गरम वाऱ्याचा लोट आला आणि टेबलावरचे कागद फडफडले. तैलचित्राची दोरी थोडी हलली. काका उंबऱ्यावर क्षणभर थांबले, त्यांना वाटलं मागून कोणी काही बोलेल.

अध्यक्ष बोलले.

“काका, जाताना तेवढं दार लोटून घ्या. एसीची हवा जातेय.”