मास्तर पास झाले तो दिवस

मित्रांनो, सरकारी दवाखान्यातल्या चार नंबरच्या खोलीत, टेबलाच्या वरच्या खणात मी राहतो. बोटाला लावायचा चिमटा. लोक मला ऑक्सिमीटर म्हणतात. आता जुना झालो आहे. बिजागरी सैल, कडेला चिकटपट्टी.

माझे काम सोपे. बोटातून दोन प्रकाश सोडायचे, एक लाल आणि एक तुम्हाला न दिसणारा, आणि रक्तात प्राणवायू किती ते सांगायचे. निरोगी माणसाचा आकडा पंच्याण्णवच्या वर असतो. "हा खोटं बोलत नाही," असे सिस्टर म्हणायच्या आणि मी फुगायचो.

ज्यांच्या कमाईत औषधपाणी बसत नाही, त्यांच्यासाठी सरकारी आरोग्य विमा होता. आकडा नव्वद किंवा त्याखाली असला की घरी वापरायला ऑक्सिजनचे मशीन फुकट मिळे. मग सरकारने विम्याचा निधी कापला. भिंतीवर नवा कागद लागला: मर्यादा अठ्ठ्याऐंशी, जुन्या रुग्णांचीही फेरतपासणी. फुप्फुसे मात्र कोणाचीच सुधारली नव्हती.

पहिल्याच दिवशी शिंपीकाम करणारे मास्तर आले. कापडाच्या धुळीत चाळीस वर्षे काढलेली, घरी विम्याचे मशीन. सोबत मुलगी.

"बाबा, आठवडाभर सराव केलाय तसाच श्वास घ्या हं."

"अगं, शाळेत कधी धड पास झालो नाही. आज होऊन दाखवतो!"

तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत जास्त गुण चांगले. त्यांना वेगळे कोणी सांगितलेच नव्हते.

मी बोटाला लागलो. सत्त्याऐंशी. मास्तरांनी ओठ आवळून खोल श्वास घेतले. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद.

"नव्वद! डिस्टिंक्शन!" मास्तर धापा टाकत हसले. मुलीने टाळी वाजवली.

सिस्टर हसल्या नाहीत. "मास्तर, आता साधा श्वास घ्या. परत लावते."

"एकदाच मोजायचंय, सिस्टर," विम्याचा कारकून म्हणाला. "फॉर्मवर चौकट एकच आहे." त्याने नव्वद लिहिले.

माझी बॅटरी त्या दिवशी संपत आली होती. दोन श्वास आधी मी विझलो असतो, तर पुन्हा मोजावे लागले असते. मी विझलो नाही. उलट नेहमीपेक्षा ठळक उजळलो.

त्याच आठवड्यात मास्तरांच्या घरचे मशीन परत नेले गेले. एकोणीस दिवसांनी मुलगी आणि शेजारी त्यांना खुर्चीत बसवून उचलून घेऊन आले. नखे निळसर. मी एकोणऐंशी दाखवले.

"आता बसतात नियमात," कारकून हळूच म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

"सराव मीच करून घेतला हो," मुलगी रडू लागली. सिस्टरांनी तिला जवळ घेतले. "तुझं काही चुकलं नाही गं." हे मला कोणी म्हटले नाही, आणि म्हणूही नये.

मास्तर वाचले. मशीन परत मिळाले, पण शिवणयंत्रावर बसण्याइतका दम परतला नाही. "मग आता मी पास की नापास?" असे त्यांनी विचारले. सिस्टरांनी खणातून कोरा कागद काढला.

मित्रांनो, मी खोटे बोललो नाही, एवढ्याने माझी सुटका होत नाही. माझी काच पुसा, बॅटरी बदला, असे मी मागत नाही. मर्यादा पुन्हा नव्वद व्हावी म्हणून सिस्टरांनी अर्ज लिहिला आहे. पहिली सही मुलीची आहे, दुसरी मास्तरांची, वाकडीतिकडी. मला सही करता येत नाही. अर्ज टेबलावरच आहे, आणि त्यावर अजून पुष्कळ जागा रिकामी आहे.