डफ थांबेपर्यंत

उखाने डफावर काडी मारली आणि विहिरीकडे न पाहता, आभाळाकडे तोंड करून आरोळी दिली.

हुकूम सरकारचा! गावात पटकी आहे. नदीचे, झिऱ्याचे पाणी कोणी पिऊ नये. विहिरीत औषध टाकले आहे. सर्वांनी विहिरीचेच पाणी प्यावे. कोणी अडथळा आणू नये. आणील त्यास शिक्षा होईल.

सकाळी तलाठ्याने त्याच्याकडून हे सात वेळा म्हणवून घेतले होते. शब्द पाठ झाले होते. अर्थ मात्र अजून लागत नव्हता, कारण कालचे शब्दही त्याला पाठ होते.

डफ थांबला तशी विहिरीवरच्या बायांना वाचा फुटली. सरकारी डफ वाजत असताना कोणी बोलायचे नाही, कोणी आडवे जायचे नाही, असा रिवाज होता. तीन वर्षांपूर्वी चुडामण पाटलाच्या सख्ख्या भावाने वाजत्या डफापुढून बैलगाडी काढली, तर त्याला नंदुरबारच्या कचेरीत दोन दिवस बसवून ठेवले होते. तेव्हापासून खुद्द पाटीलही डफ ऐकला की असेल तिथे उभा राही.

"का रे उखा," भिकुबाई म्हणाली. गावातली सर्वांत म्हातारी. "काल तूच बोंबलना ना, हिरनं पानी पेऊ नका म्हनीसन?"

"हा, माय."

"नि आज?"

"आज पिया."

"मंग उद्या काय सांगशी? पानीच पेऊ नका?"

बाया हसल्या. मग खालच्या आळीतून रडणे ऐकू आले आणि हसू तिथेच गळाले.

विहिरीतले पाणी जांभळे झाले होते. कोणीतरी म्हणाले, कोंबडीचे रक्त टाकलेय. कोणी म्हणाले, नदीच कोपली आहे, औषध कसले? घागरी रिकाम्याच राहिल्या.

"उखा, पहिले तू पी. मंग आम्ही पिसूत."

कोणी बोलले, ते उखाला दिसले नाही. पण बोलणारी गप्प झाली, बाकीच्याही झाल्या. उखा विहिरीच्या दगडी ओट्यापासून दहा पावलांवर उभा होता. महारवाड्यातल्या माणसाने तिथून पुढे यायचे नसते. त्याच्या बापाने तिथूनच दवंडी दिली होती. ज्या पाण्याची तो ग्वाही देत होता, ते त्याने जन्मात चाखले नव्हते.

पाटलाने विहिरीसमोरच्या आपल्या ओसरीवरून मान दुसरीकडे वळवली. भिकुबाईने बादली उचलली, ओटा उतरली आणि उंचावरून धार सोडली. उखाने ओंजळ धरली.

आधी गंजाची चव आली. मग, अगदी तळाशी, गोड.

"कसं शे?"

"गोड शे, माय."

त्याला आणखी काही सांगायचे होते, पण ते दवंडीत नव्हते. घागरी भराभर बुडू लागल्या.

*

गल्ली पहिली. हुकूम सरकारचा.

गल्ली दुसरी. सर्वांनी विहिरीचेच.

गल्ली तिसरी. नदीचे, झिऱ्याचे

*

महारवाड्याच्या तोंडाशी त्याची काडी वर गेली आणि वरच राहिली. समोर तापीच्या वाळूत खणलेला झिरा दिसत होता. अख्ख्या वाड्याचे पाणी तेवढेच. कालपासून दोघे गेले होते. त्याची सून गंगी, सातवा महिना लागलेली, सकाळपासून पाचदा ओकली होती. ती दारात पडून ओठ चाटत होती.

इथे काय सांगायचे? त्याने शब्द पहिल्यापासून आठवून पाहिले. 'सर्वांनी' एवढेच होते; अमक्याने प्यावे, तमक्याने नाही, असे तलाठ्याने काही घातले नव्हते. विसरला असेल का? परत जाऊन विचारावे, तर तलाठ्याची कचेरी तीन कोसांवर. सातही वेळा तलाठ्याने मान डोलावली होती.

त्याने काडी मारली. सगळे सांगितले. एक शब्द खाल्ला नाही.

त्याची बायको दगूबाई झिऱ्यावरून भरलेला हंडा घेऊन येत होती. ती थांबली.

"मंग आपण कोठलं पानी पेवानं?"

उखाला जे पाठ होते ते त्याने पुन्हा म्हटले.

"हिरनंच?"

"हुकूममा तेच शे."

"तुले कोनी सांगं, आपले बी?"

"नही बी कोनी सांगं नही."

दगूबाईने गंगीकडे पाहिले. मग हंडा तिरका केला. पाणी वाळूत जिरेपर्यंत ती बघत राहिली. रिकामा हंडा डोक्यावर घेऊन ती गावाकडे चालू लागली. मागून शेजारीण निघाली, तिच्यामागे आणखी. उखा डफ वाजवत त्यांच्या पुढे झाला. काडी कधी सुरू झाली, हे त्यालाही कळले नाही.

पारावरचे उठून उभे राहिले. पाटील ओसरीची पायरी उतरला. त्याचे तोंड उघडले, डफाकडे पाहून तसेच राहिले. त्याचा भाऊ शेजारीच होता. त्याने मिशीवरचा हात खाली घेतला.

उखा दहा पावलांवर थांबला. दगूबाई थांबली नाही. ओट्यावर भिकुबाई दोर धरून खिळली होती. दगूबाईने तिच्या हातून दोर घेतला. म्हातारीची बोटे आवळली नाहीत.

बादली खाली गेली. पाण्याचा आवाज डफातही ऐकू आला.

एक हंडा भरला. मागे अकरा होते. उखाचे मनगट ठणकत होते आणि शब्द केव्हाच संपले होते. सगळे गाव श्वास धरून डफ थांबण्याची वाट पाहत होते.

त्याने घसा खाकरला.

हुकूम सरकारचा! गावात पटकी आहे.