मानाचं मत

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, वरिष्ठ सभागृहातले सर्वांत म्हातारे सभासद. तिथे सगळे त्यांना आजोबा म्हणत, हात धरून पायऱ्या चढवत आणि ते बोलायला उभे राहिले की घड्याळ दाखवत. हृदय थकलंय, आता दगदग नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सभापतींची निवड झाली की राजीनामा देऊन माझ्याकडे राहायला यायचं, हे त्यांनी कबूल केलं होतं. म्हणून त्यांना न्यायला मी प्रेक्षक सज्जात बसले होते.

सभापती कोण होणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वकीलसाहेब नवा कोट शिवूनच आले होते. मतदान गुप्त, पण पहिली फेरी नुसती शोभेची. तीत काही जण वयाने सर्वांत मोठ्या सभासदाला मानाचं मत देत. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळत नसत, मग दुसऱ्या फेरीत खरी निवड होई.

सचिव चिठ्ठ्या उघडून नावं वाचू लागले. अप्पांचं नाव. पुन्हा अप्पांचंच. आधी हशा पिकला, मग हळूहळू सगळ्यांचे चेहरे उतरले. अप्पा पहिल्याच फेरीत निवडून आले, हे सांगताना सचिवांचा आवाज चिरकला. माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. आपल्या एका मताने काय होतंय, असं प्रत्येकाला वाटलं होतं. शेजारचाही तेच म्हणत असेल, हे त्या दीडशहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही!

वकीलसाहेब धापा टाकत सज्जात आले आणि मला ताई ताई करू लागले. आजोबांनी नकार दिला की सगळं निस्तरता येईल, तेवढं समजवा म्हणाले. मलाही तेच हवं होतं. मी खाली धावले.

अप्पा सभागृहाच्या दाराशी बाकावर बसले होते.

"अप्पा, नाही म्हणा. जिवावर बेतेल. आणि ही मतं कुणी मनापासून दिलेली नाहीत."

"एक दिलंय."

"कुणी?"

"मी." अप्पा काठी टेकत उठले. "दर निवडणुकीला देतो."

एवढ्या वर्षांत हे मला कधी कळलंच नव्हतं. त्यांना आत जायला वाट देत मी दारातून बाजूला झाले.