लाल फिल्मखालची चीर

इस्त्री गालाजवळ धरून तिने ताव पाहिला, लाल प्लॅस्टिकची फिल्म छोट्या लाकडी विमानाच्या पंखाच्या टोकाला चिकटवली आणि ती मधल्या बाजूकडे सरकू लागली. पंखाच्या दोन लाकडी बरगड्यांच्या मधे तिचं बोट अडलं. ज्या आडव्या दांडीवर सगळा पंख पेलायचा, तिच्यावर करड्या लांबीचा गोळा थापलेला होता. भिंतीतलं भोक बुजवतात तसली लांबी. तिने अंगठ्याने दाबलं. आतून चिर्र असा आवाज आला.

“अहो, हे काय आहे?”

नवरा खिडकीशी बसून विमानाच्या मोटरला वायर जोडत होता. “मंगळवारी कपाटावरून पडला पंख. भरलंय मी. चालतंय.”

त्याचं सगळं आयुष्य या एका शब्दावर निघालं होतं. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर त्याला ‘चालतंय’ याच नावाने ओळखत आणि त्याला ते कौतुक वाटे. एकदा एक म्हातारी दोन मजल्यांच्या मधे अडकून पडली होती. तिची अंधारात कशी गाळण उडाली, याची त्याने घरी येऊन जेवताना नक्कल केली होती. तिने तेव्हा ताटावरून उठून हात धुतले होते.

निवृत्त झाल्यावर त्याने रिमोटवर उडणारी विमानं बनवायचा नाद लावून घेतला. लाकूड कापणं, चिकटवणं त्याचं. पण फिल्म चढवायला घेतली की सुरकुत्या आणि फुगे. ते काम तिच्याकडे आलं. सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात तिने इस्त्री केली होती. तिच्या हाताखाली फिल्म अशी ताणून बसायची की बोटाने टिचकी मारली तर टणटण वाजावी. मैदानावर लोक विचारत तेव्हा नवरा म्हणे, “एका बैठकीत उरकलं.” कोणी उरकलं ते सांगत नसे.

“दांडी तुटलीये,” ती म्हणाली. “नवीन घाला.”

“रविवारी उडवायचंय. पंख पुन्हा खोलून दांडी बदलायची म्हणजे आठवडा गेला. तू फिल्म ताण, म्हणजे आपोआप घट्ट धरेल. आणि वरून कोणाला दिसतंय?”

वरून कोणाला दिसतंय. धुलाईघराचा मुकादम अगदी हेच म्हणायचा. डाग न गेलेली चादर आली की, “डाग आत घालून घडी मार, बाई.” आणि ती मारायची. एक-दोन नाही, शेकड्यांनी. मग तिची आई त्याच इस्पितळात दाखल झाली. नर्सने आईच्या अंगाखाली घालायला चादर झटकली आणि मधोमध तपकिरी, हाताएवढा डाग उलगडला. घडीची रेघ कोपऱ्यापासून दोन बोटं आत होती. तशी घडी तिथे दुसरं कोणी घालत नव्हतं. आई त्या डागावर निजली आणि ती उशाशी उभी राहून बघत राहिली.

“मैदानावर दोरीला लागून माणसं बसतात,” ती म्हणाली. “साडेतीन किलोचं धूड आहे हे. वरून कोणाच्या डोक्यात पडलं तर?”

“तुला काय कळतं त्यातलं? तू आपली इस्त्री फिरव.”

तिने फिरवली. ताव वाढवून चिकटवलेल्या कडांवरून फिरवली, डिंक सुटला तशी फिल्म सोलून काढली आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

“मी नाही करणार.”

नवरा बराच वेळ बडबडला. मग पंख उचलून आतल्या खोलीत गेला आणि त्याने स्वतःच फिल्म चढवली.

रविवारी ती बरोबर गेली. तिने येऊ नये असं त्याला वाटत होतं, पण तसं म्हणायची त्याची छाती झाली नाही. कॉलेजच्या मैदानावर दहा-बारा मंडळी जमली होती. दोरीपलीकडे बायका-पोरं सतरंज्या टाकून बसली होती. उड्डाणाआधी प्रत्येक विमान तपासायचं काम एका दातांच्या डॉक्टरांकडे होतं. त्यांनी उजव्या पंखावरच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवलं.

“या पंखाला वहिनींचा हात लागलेला दिसत नाही.”

म्हणजे यांना ठाऊक होतं. कदाचित सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि सगळे नवऱ्याच्या थापा ऐकून घेत होते. तिला त्यांचाही राग आला.

“नाही लागला,” ती म्हणाली. “आतली दांडी तुटलीये. लांबी भरून ठेवलीये.”

“काहीतरीच काय बोलतेस,” नवरा हसला. आजूबाजूचे दोघे-तिघे जवळ आले होते. “डॉक्टर, हिला चिरा दिसायची सवय आहे. हे बघा, कुठे काय आहे?” त्याने पंख विमानापासून सोडवून दोन्ही टोकांना धरला आणि गुडघ्यावर टेकवून जरासा दाबला.

फारसा आवाजही झाला नाही. पंख मधोमध दुमडला. लाल फिल्म मात्र फाटली नाही. दोन्ही तुकडे फिल्मला लोंबकळत राहिले. तुटलेल्या जागेतून करडी भुकटी त्याच्या बुटांवर सांडली. डॉक्टर खाली मान घालून पुढच्या विमानाकडे वळले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

“झालं तुझं समाधान?” तो हळूच म्हणाला.

समाधान कसलं. तिला फक्त किळस आली होती. त्या भुकटीची, त्याच्या अजून ओठांवर राहिलेल्या हसण्याची, आणि इतकी वर्षं त्याचं सगळं गुळगुळीत करून देणाऱ्या आपल्या हातांची. तिने पिशवी खांद्याला लावली आणि थांब्याकडे चालू लागली. तो तुकडे काखेत मारून मागून आला.

बस बरीचशी रिकामी होती. ती पुढे एकटीच्या बाकावर बसली, तो दारापाशी. कंडक्टरने तिच्याजवळ येऊन मागे बोट दाखवलं.

“ते काका तुमच्याबरोबरच ना? दोन देऊ?”

“एक द्या,” ती म्हणाली.