धुराड्याची उंची

वडिलांच्या बेकरीचं धुराडं दोनदा वाढवलं गेलं. पहिल्यांदा शेजारच्या शिंपिणीने तक्रार केली, तिच्याकडच्या पांढऱ्या कापडावर काजळी बसते म्हणून. वडील भांडणारे नव्हते. त्यांनी पत्र्याची नळी जोडली. धूर शिंपिणीच्या छपरावरून गेला आणि मागच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचला. तिथल्या लोकांनी बोंब मारली तेव्हा आणखी एक नळी जोडली. मग धूर पाचव्या मजल्यावर जाऊ लागला. तिथल्या एका घराला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ते वडिलांना परवडलं. "आपलाच धूर," ते म्हणाले, "परका थोडाच आहे?" आम्ही तिथे राहायला गेलो आणि बेकरीच्या बाजूची खिडकी लावून घेतली. वडील असेपर्यंत ती पुन्हा उघडली नाही.

भट्टीत जळायचं ते भंगारवाल्याकडचं लाकूड: मोडके पलंग, दारं, कपाटांचं प्लायवूड, रंग, सरस, पॉलिश सगळ्यासकट. स्वस्त पडायचं आणि भडकून पेटायचं. वडील यंदा गेले. फुप्फुसं. डॉक्टरांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं नाही; वय, रस्त्यावरची धूळ, भट्टी, सगळंच म्हणाले. शेवटचे महिने वडील त्या बंद खिडकीजवळ झोपून होते.

पुढे नगरपालिकेची नोटीस आली: लाकडाची भट्टी बंद करा, विजेची किंवा गॅसची लावा. बेकरी आता दादा बघतो. तो वर आला तो मोजमापं घेऊनच.

"धुराडं गच्चीच्याही वर नेतो. इमारतीवरून जाईल धूर. कोणाला वाससुद्धा येणार नाही."

"नोटिशीत उंचीबद्दल काही नाही," मी म्हणाले.

"तू गप गं. तुला काय जातंय बोलायला?"

"इमारतीच्या पलीकडे कोण राहतं?" आईने विचारलं.

"मला काय माहीत?"

"कळेल. तिकडची घरं स्वस्त झाली की आपणच जाऊ राहायला."

मला हसू आलं. दादाला आलं नाही. तो टेप गुंडाळत राहिला, मग म्हणाला, "ती भट्टी बाबांनी पेटवलीय, आई. तेव्हापासून एकदाही पुरती गार झालेली नाही. ती मी माझ्या हाताने विझवू?"



"विझवू नकोस," आई म्हणाली. "लाकूड घालू नकोस, झालं."

विजेची भट्टी लाकडाच्या ढिगाच्या जागी बसली. जुन्या भट्टीवर पाणी मारू नका, विटा तडकतील, असं उस्तादांनी बजावलं होतं. उस्ताद म्हणजे बेकरीतले जुने कारागीर, वडिलांच्या बरोबरीने पीठ मळत आलेले. जाळ थांबल्यावरही आधी तिच्यात पाव भाजले गेले, मग धग उतरली तशी बिस्किटं, आणि शेवटी फक्त टोस्ट, सुकायला ठेवलेले. दादा येता-जाता आत हात घालून बघायचा.

"मालक, नाडी काय बघताय?" उस्ताद म्हणाले. "एक खेप टोस्ट निघेल अजून."

ती खेप घेऊन दादा वर आला. आई म्हणाली, आता खिडकी उघड. रंगाने चौकट चिकटली होती. दादाने बेकरीतून पीठ कापायचं पातं आणलं आणि फटीत घालून ओढलं. खिडकी एकदम उघडली. मागोमाग रस्त्याचा आवाज आत आला.

आईने वास घेतला. "धूर आहेच की."

"हा आपला नाही. ती बस बघ, उभी आहे आणि इंजिन चालू. ड्रायव्हर साहेब पेपर वाचतायत."

"त्याला म्हणावं, बंद कर."

"पाचव्या मजल्यावरून?"

"मग खाली जा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी टोस्ट खात होते. तो एक टोस्ट उचलून खाली गेला.

मी वरून बघत राहिले. त्याने बसच्या काचेवर टकटक केली. ड्रायव्हर काहीतरी बोलला, दादाही बोलला, हातवारे झाले. ऐकू काही आलं नाही. मग दादाने हातातला टोस्ट काचेतून आत दिला. जरा वेळाने इंजिन थांबलं.