श्राद्धापुरता गुडघा

"साकु गं, साकु," संताजीराव पलंगाची कड घट्ट धरून म्हणाले. पुरे म्हणायचं असलं की या घरात सगळ्यांच्या तोंडी कन्नडच येई.

"अजून थोडं, अप्पा. टाच मागं ओढा." विद्याश्रीने त्यांच्या घोट्याखालचा टॉवेल सारखा केला. "शास्त्री काही पलंगावर येऊन मंत्र म्हणायचे नाहीत."

एवढं म्हटलं की टाच सरकायचीच.

नवा गुडघा बसवून घरी आणलं तेव्हा ते पायाला हात लावू देत नव्हते. असाच ठेवला तर आखडेल, मग पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, असं फिजिओथेरपिस्ट उपेंद्रने बजावलं होतं. विनवण्या झाल्या, रागावणं झालं. अखेर एका सकाळी तिच्या तोंडून निघून गेलं, "पाय वाकला नाही तर आईच्या वर्षश्राद्धाला मांडी घालून कसे बसणार?"

ती एकुलती एक. श्राद्ध वडिलांनीच करायचं होतं. त्या दिवसापासून ते दात-ओठ खात का होईना, पाय वाकवू लागले.

पण या गुडघ्याने पुन्हा मांडी घालायची नव्हती. तेही उपेंद्रनेच सांगितलं होतं. फाटकाशी, तिला एकटीला.

जरा वाकला की सांगून टाकू, असं तिने ठरवलं होतं. पाय वाकत गेला तसं सांगणं अवघड होत गेलं. सांगितलं तर ते व्यायाम टाकतील आणि धारवाडच्या कॉलेजात शिकवायला परतणं पुन्हा लांबेल. नाही सांगितलं तर श्राद्धाचा दिवस येणारच. अग्रहाराच्या गल्लीतल्या त्या घरातून ती कोपऱ्यावर दूध आणायला गेली तरी मागून हाक येई. आईच्या खोलीत अजून कोणी झोपत नव्हतं.

एकदा तिने चाचपून पाहिलं. "हल्ली खुर्चीवर बसूनही करतात, अप्पा."

"तीस वर्षं हुणसूरच्या कचेरीत खुर्चीवरनं लोकांकडं अर्ज मागितले. शकुंतलेला पण खुर्चीवरनंच पिंड देऊ?"

तिने टॉवेल पुन्हा त्यांच्या घोट्याखाली सरकवला.

श्राद्धाला आठवडा उरला होता. उपेंद्र आला तर संताजीराव पाट मांडून उभेच. "बघा आता," म्हणत त्यांनी भिंतीला हात टेकला आणि खाली वाकू लागले.

उपेंद्रने झेप घेऊन त्यांना काखेत धरलं. "नको सर. जमिनीवर नाही बसायचं, कधीच नाही. मॅडमना पहिल्या दिवशीच सांगितलंय मी. अल्वा, मॅडम? हो ना?"

विद्याश्री टॉवेलची घडी घालत राहिली. घडी झाल्यावर तिने ती मोडली आणि पुन्हा घातली.

उपेंद्र गेल्यावर संताजीराव खुर्चीत बसले.

"तुझी आई मला कडू गोळी साखरेत घालून द्यायची," ते म्हणाले. "पण आत गोळी आहे, हे सांगून द्यायची."

"तुम्ही पाय वाकवत नव्हता, अप्पा."

"हां. वाकला." त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं. "शास्त्रींना फोन लाव."

श्राद्ध पुढं ढकलणार असतील, असं वाटून तिने फोन लावून दिला.

"नरसिंहमूर्ती, मी नाही बसत. विद्याश्री बसेल. मुलगी चालते ना?" पलीकडचं ऐकत ते मान हलवत राहिले. "मी तिच्या मागं खुर्चीवर. हो, यापुढं दर वर्षी तीच. इथंच, आमच्या घरी."

धारवाड हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. पण इतके दिवस खोटं वागवलेल्या तोंडाने तो आज कसा काढणार? पाट अजून भिंतीशी मांडलेलाच होता.

"बसून बघ," संताजीराव म्हणाले.

ती बसली. तिची मांडी पहिल्याच खेपेला नीट बसली.

"पाठ ताठ ठेव," ते वरून म्हणाले. "वेळ लागतो."