लखनच्या नावाचे रोट

“हाई लखननी,” वत्सलाकाकू म्हणाली आणि तिने पोत्यातून सव्वा मूठ गहू काढून चादरीवर टाकले.

मी दळणाचा डबा घेऊन शेजारीच उभी होते. दरवर्षी या मुठीपाशी मी दात आवळून गप्प बसते. या वर्षी जमलं नाही.

“काकू, लखनदादाले जाईसन सहा वरीस व्हयनात. त्याना वाटा कोन खास, तुले माहीत शे ना?”

“रोटना गहू मोजताना तोंड उघडानं नही, हेमांगी.” तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढची मूठ माझ्या भावाच्या, अमृतच्या नावाची होती. ती टाकून तिने हात झटकले. मोजणी संपली.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमच्या कुळाची देवी, बसते. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजायचे, त्यांच्या पिठाचे पुरण भरून जाडजूड रोट करायचे आणि सोमवारी बाईचं तापीत विसर्जन झालं की घरच्यांनीच ते खायचे. तुकडाही उरता कामा नये, बाहेर जाता कामा नये. लग्न होऊन गेलेल्या मुलीला तर तो वर्ज्यच, कारण ती दुसऱ्या कुळाची. माझं लग्न आठ महिने टिकलं. त्याला आता अकरा वर्षं होतील. कोर्टाने सुटका केली तरी कानबाईने केलेली नाही, असं काकूचं म्हणणं. म्हणजे गहू निवडायला मी, दळून आणायला मी, पुरण वाटायलाही मीच. फक्त घास तेवढा तोंडात घालायचा नाही. माझ्या हाताचा कुळाला विटाळ नाही, माझ्या तोंडाचा आहे.

पण मला रोटाची हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माझं भांडण आईच्या पायासाठी होतं.

लखन हा काकूचा थोरला मुलगा. सहा वर्षांपूर्वी बायकोला मारझोड करून, ती माहेरी गेल्यावर तोही एक दिवस घरातून निघून गेला. फोन नाही, निरोप नाही. काकूने त्याच्या नावाची मूठ बंद केली नाही, कारण मूठ बंद करायची म्हणजे तो मेला असं म्हणायचं. आता आमच्या कुळातला नियम असा, की हजर नसलेल्या पुरुषाचा वाटा घरच्या सुनेने खायचा. दुसऱ्या पुरुषाने खाल्ला तर त्याचं आयुष्य खाल्लं, आणि आईने लेकाचा खाल्ला तर त्याची वाट बघणं सोडलं. काकू आई, तिला चालत नाही. अमृत सुरतेला असतो, सणाला एकटाच येतो; त्याची बायको मयूरी दरवर्षी काही ना काही निमित्त काढून तिथेच राहते. दोन्ही चुलत्यांच्या बायका वारल्या आहेत. उरली कोण? दगूबाई. माझी आई. बाबा केव्हाच गेले. तिचं वय बासष्ट, मधुमेहाला चौदा वर्षं झाली.

गेल्या वर्षी तिने स्वतःच्या जेवणावर लखनचे दोन रोट आणि वाटीभर खीर खाल्ली. दुसऱ्या दिवशी साखर चारशे बारा. मी शहाद्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तो आकडा मीच काढला आणि मीच कागदावर लिहिला. महिनाभरात उजव्या पायाचा अंगठा काळा पडला आणि दिवाळीच्या आधी नंदुरबारला तो कापावा लागला. आता शेजारच्या बोटाला जखम आहे, तीन महिने झाले तरी भरत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, साखर पुन्हा तशी चढली तर बोटावर भागणार नाही, पंजा जाईल.

हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. आणि तरी लखनची मूठ चादरीवर पडली.

दुपारी मी आईच्या पायाची पट्टी बदलली आणि तिच्या खाटेच्या कडेला बसून मोबाइल काढला. राग आला की मी गेम खेळते. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांचं सेंट्रीफ्यूज यंत्र फिरायला लागलं की दहा मिनिटं हात रिकामे असतात. त्या दहा मिनिटांसाठी भाग्येशने, म्हणजे माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलाने, हा गेम माझ्या फोनवर घालून दिला. तो स्वतः आठवड्यात कंटाळला. मला तीन वर्षं झाली.

“काय दाबी ऱ्हायनी?” आईने विचारलं.

“गेम शे, माय. जमिनीखाल उतरत जानं. पंधरा मजला शेतस. राक्षस येतस, भुतं येतस.”

“आनि ती कोन, दिवा लिसन उभी?”

“देवी शे. ओरेला.”

देवी म्हटल्यावर आई कोपरावर उठली. मी तिला सगळं दाखवलं. नऊ देव आहेत. पहिल्या तीन मजल्यांवर त्यांचे पूजेचे ओटे लागतात. ज्याच्या ओट्यावर उभं राहून होय म्हणाल, तो तुमचा. तुमच्या नावाखाली सहा दिवे असतात. देवाला आवडेल असं काही केलं की एक दिवा पेटतो, न आवडेल असं केलं की विझतो. नुसतंच बसून राहिलात तरी ज्योत हळूहळू खाली येते. चार दिवे असले की मरायच्या घटकेला हाक मारता येते. देवी जखमा भरते, पण दोन दिवे घेते. फुकट कुणीच काही देत नाही, फक्त इथे ते आधी सांगून ठेवलेलं असतं.

“तिले काय लागस?”

“पळी जानारले पाठमा मारानं नही. कोनी जखमी दिखना ते त्याले पानी देवानं. बस.”

“रोट?”

“रोट नही, माय.”

आई हसली. मग तिने नेमका प्रश्न विचारला. “कोप करस का?”

“करस ना. तिले सोडीसन दुसरा देव करा, ते सात मजला पाठ सोडस नही. पन ज्यानी चूक करी त्यावरच. शेजारनावर नही.”

आईने त्या दिवेवालीकडे नीट बघितलं. “मंग सोपी शे ती,” म्हणाली. “आमनी बाई अशी नही. ती बठ्ठा घरवर कोप करस.”

सगळ्या घरावर, असं ती उगाच बोलत नव्हती. मी चौथीत असताना माझ्या आजीने कुणाचा तरी अर्धा रोट उरला म्हणून गाईला घातला होता. त्याच वर्षी वत्सलाकाकूचा नवरा तापीत बुडाला. त्या दिवशी नदीला पूर होता, काका बैल धुवायला उतरले होते, आणि त्यांना पोहता येत नव्हतं. पण हे कोण ऐकतं? आमच्या घरात तो माणूस गाईच्या तोंडच्या अर्ध्या रोटाने मेला.

मला याच गोष्टीची चीड येते. ओरेलाचे नियम एका पानावर लिहिलेले आहेत. कोपऱ्यातल्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं की पान उघडतं, मग तुम्ही योद्धा असा, चोर असा की बाई असा. आणि ज्याने मोडलं त्यालाच फटका. आमच्याकडे नियम काकूच्या तोंडात. मोडलं लखनने, आणि अंगठा कापला आईचा.

“माय, यंदा तू लखनदादाना वाटा खावानं नही,” मी म्हटलं. “मी खासू.”

“तुले चालस नही, पोरी.”

“तू नही खावाव. मन्हं एवढं ऐक.”

आई कूस बदलून झोपली.

सोमवारी वाजतगाजत बाईला नदीवर नेलं. आई ओसरीतूनच पाया पडली. आम्ही परतलो तेव्हा दुपार झाली होती. पंगत मांडली. अमृतभाऊ आणि दोन चुलते आपापल्या पाटावर बसले. एक पाट रिकामा होता, त्याच्यापुढे भरलेलं ताट. दोन रोट, वर तुपाची धार, वाटीत खीर. आई त्याच पाटाशेजारी भिंतीला टेकून, पट्टी बांधलेला पाय लांब करून बसली होती.

मी जाऊन त्या रिकाम्या पाटावर बसले.

“ऊठ,” काकू म्हणाली. “ऊठ तठेन.”

“लखनदादाना वाटा मी खासू.”

“परकी शे तू.”

“मन्हं कूळ कोनतं ते सांग पहिले. सासरवालासनी काढी टाकं, तुम्ही लेतस नही. मंग मी कोनी? हाई कोठे लिखेल शे ते दखाड मले.”

“लिखेल कसाले लागस? असंच चालत उनं.”

अमृतभाऊ ताटावर हात ठेवून म्हणाला, “हेमा, वरीसमा एक डाव येस मी. तमाशा नको करू.”

मग मात्र मी उठले. ताट तिथेच सोडलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “मायना अंगठा कापा तव्हय कोठे व्हता तू? दवाखानामा कागदवर सही मी करी. तव्हय मन्हं कूळ कोनी इचारं नही. घास खावाले बसनू, तव्हय तुमले कूळ याद उनं!”

त्याने ताटावरचा हात काढून घेतला. काकू रडायला लागली होती. “मन्हा पोऱ्या जित्ता शे. त्याना वाटा परक्यानी खादा ते तो परत येवाव नही.”

“तो पळी गया, काकू! त्याले कोनी मारं नही, कोनी काढं नही. पळी गया! आनि त्याना फटका मन्ही माय खाई ऱ्हायनी.”

काकूने पदर तोंडाशी धरला. सहा वर्षं या घरात जे कुणी बोललं नव्हतं, ते मी तिच्या तोंडावर बोलले होते. जखमी बाईला मी मारलं, हे मला त्याच क्षणी कळलं. तरी मी थांबले नाही. थांबावं असं वाटलंही नाही. मी दोन्ही चुलत्यांकडे वळले आणि चारशे बारा हा आकडा सांगितला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, पंजा कुठून कापतात ते माझ्या पायावर बोट ठेवून दाखवलं. एकेकाच्या डोळ्यात बघून सांगितलं. पाटावर बसलेल्या कुणाच्याही तोंडात घास गेला नव्हता.

शेवटी थोरल्या चुलत्यांनी खाकरून घसा साफ केला. “खाऊ द्या तिले,” ते म्हणाले. “मन्हा मोठा भाऊनी पोर शे ती. बाईले मी सांगसू. कोप व्हयना ते मन्हावर व्हवो.”

“खाय, हेमा,” अमृतभाऊ हळूच म्हणाला.

काकू डोळे पुसत बाजूला सरकली. मला एकदम हलकं वाटलं. अकरा वर्षांत या घरात माझ्या बाजूने कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. मी पाटाकडे वळले.

पाटापुढे ताट नव्हतं.

ते आईच्या मांडीवर होतं. तिने बसल्या जागेवरून हात लांबवून ओढून घेतलं असणार. रोट नव्हते. वाटी रिकामी होती. शेवटच्या तुकड्याने ती ताटाच्या कडेची खीर पुसून घेत होती. तो तुकडा तिने तोंडात घातला, नीट चावला, गिळला.

“झायं,” आई म्हणाली. “आते भांडू नका. जेवा बठ्ठा.”

मला ओरडायचं होतं. ताट भिरकावून द्यायचं होतं. कुणाच्या अंगावर, ते मात्र कळेना. ज्यांच्यावर ओरडायचं ते सगळे माझ्या बाजूने झाले होते. आणि आईवर कसं ओरडणार? तिच्या ओठांवर तूप होतं आणि ती अमृतभाऊकडे बघून त्याला जेवायची खूण करत होती.

वत्सलाकाकू उठली. तिने आईच्या मांडीवरचं ताट उचललं आणि ते घेऊन मोरीकडे गेली.

“हातवर पानी टाक, पोरी,” आई मला म्हणाली.

मी तांब्या आणि घमेलं घेऊन तिच्यापुढे बसले. पहिला तांब्या संपला तरी हात चिकटच होते. मी दुसरा भरून आणला. पुरणाचा गूळ तिच्या बोटांच्या बेचक्यांत बसला होता, तो मी अंगठ्याने चोळून काढत राहिले, आणि ती बोटं फाकवून, मी म्हणेन तितका वेळ, हात पुढे करून बसून राहिली.